बिरड्याच्या रोज्याची तारीख : ठाण्याच्या कब्रस्तानातील आयुष्ये लिहिताना

५ नोव्हेंबर २०१७ च्या रविवारी इस्रायलमधील अश्दोदहून माझ्या आत्येबहिणीचा फोन आला. तिची आई, म्हणजे माझी आत्या, तेव्हा ८७ वर्षांची होती आणि ती १९६३ साली इस्रायलला गेल्यापासून ठाण्याला परतलेली नव्हती. आत्याने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, कबरीचा फोटो तिला हवा होता आणि त्या दगडावर काय लिहिले आहे ते अक्षरन् अक्षर वाचून हवे होते. मी ठाण्यात जन्मले, येथेच शाळेत शिकवले आणि येथूनच निवृत्त झाले. तरीही आजोबांची कबर कोठे आहे हे मला सांगता आले नाही. आमच्या घरच्या बायका दफनाच्या वेळी कब्रस्तानात जात नसत. आजी १९७१ साली वारली तेव्हा मी १५ वर्षांची होते आणि तिला नेताना मी दारातच उभी राहिले होते. त्यानंतर तिच्या कबरीकडे जावे असे मनात आले तरी पाऊल कधी उचलले गेले नाही.

त्या एका फोनपासून सुरू झालेले काम पंधरा महिने चालले आणि त्यातून एकूण नऊ माणसांची छोटी चरित्रे लिहून झाली. आपल्या गावातील जुन्या कब्रस्तानाविषयी, मग ते कोणत्याही समाजाचे असो, असे काही करावे असे वाटणारे लोक मला या काळात बरेच भेटले, पण सुरुवात कोठून करावी हे त्यांना उमगत नव्हते. मलाही उमगत नव्हते. म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगाव येथे, आमच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आमचा समाज वाढला, अशी आमची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगावी आम्हाला शनवार तेली म्हणत. मुंबई आणि ठाणे येथे आमची माणसे रेल्वेत, पलटणीत, टपाल खात्यात, शाळांत आणि इस्पितळांत नोकरीला लागली. ठाण्यातील शाआर हाशमाईम, म्हणजे स्वर्गाचे द्वार, हे आमचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे. जुनी माणसे त्याला अजूनही मशीदच म्हणतात. घरात बोली मराठी, प्रार्थना हिब्रू, आणि कागदपत्रे पुष्कळदा इंग्रजी, हा तिढा पुढे प्रत्येक पायरीवर आडवा आला.

पहिले काम परवानगीचे. ८ नोव्हेंबरला मी कब्रस्तानाच्या विश्वस्तांना साध्या कागदावर पत्र लिहिले, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडली, आणि फोटो कशासाठी काढायचे आहेत, ते कोणाला दाखवले जातील आणि कोठे छापले जातील, हे तीन मुद्द्यांत स्पष्ट केले. बारा दिवसांनी लेखी होकार आला. त्यात अट होती की मृताच्या कुटुंबाच्या संमतीवाचून नाव आणि फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत. ही अट मला सुरुवातीला जाचक वाटली होती. पुढे एका प्रसंगी तिच्यामुळेच मी मोठ्या चुकीतून वाचले. तोंडी परवानगीवर विसंबू नये, कारण दर वेळी फाटकापाशी वेगळा माणूस असतो आणि हातात कागद असला की त्याचीही अडचण होत नाही.

२६ नोव्हेंबर २०१७, रविवार. सकाळी साडेसात वाजता मी पुतण्याला बरोबर घेऊन गेले. शनिवारी आणि सणाच्या दिवशी जायचे नाही, पुरुषांनी डोके झाकायचे, कबरीवर पाय पडू द्यायचा नाही, निघताना हात धुवायचे, एवढे नियम घरात ऐकलेले होते. पावसाळ्यानंतरचे गवत नुकतेच कापलेले होते. जून ते ऑक्टोबर या काळात हे काम करू नये, कारण दगड दिसत नाहीत आणि गवतात साप असू शकतो. आत शिरल्यावर मला भीती वाटली नाही, पण लाज वाटली. इतक्या जवळ असून मी ६१ वर्षे आले नव्हते.

दगड वाचणे हे वेगळेच शिक्षण आहे. काळ्या दगडावर कोरलेली अक्षरे शेवाळाने भरलेली असतात. ती तारेच्या ब्रशने किंवा फरशी धुण्याच्या अॅसिडने कधीही घासू नयेत, कारण शेवाळाबरोबर अक्षराची कडही जाते. मी साधे पाणी आणि भिंती रंगवण्याचा मऊ ब्रश वापरला. खडू फिरवण्याचा सल्ला दोघांनी दिला होता, तो मी मानला नाही. उपयोग झाला तो घरातील हातआरशाचा. सकाळी आठच्या सुमाराचे कोवळे ऊन आरशाने दगडाच्या एका कडेवरून तिरपे पाडले की जी ओळ समोरून अजिबात दिसत नव्हती ती सावलीने उठून दिसते. पुतण्या आरसा धरी आणि मी फोटो काढी : आधी पूर्ण दगड, मग एकेक ओळ, आणि शेवटी शेजारच्या दोन कबरींसह एक, म्हणजे जागा पुन्हा सापडते. प्रत्येक फोटोच्या आधी ओळ क्रमांक आणि कबर क्रमांक लिहिलेल्या पाटीचा फोटो घेतला. ही पाटी पहिल्या दिवशी नेली नव्हती, त्यामुळे त्या दिवशीचे निम्मे फोटो कोणत्या दगडाचे हे घरी आल्यावर कळेना आणि ते पुन्हा काढावे लागले.

आजोबांचा दगड तिसऱ्या खेपेस, १७ डिसेंबरला सापडला. तो संगमरवराचा होता आणि त्यावरची अक्षरे शिशाची होती. शिशाची अक्षरे बसवताना कारागीर संगमरवरात अक्षराच्या वळणाप्रमाणे बारीक भोके पाडतो आणि त्यांत शिसे ठोकून भरतो. वर्षे लोटली की शिसे निखळते, पण भोके राहतात. आमच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरे, ‘कर’, शाबूत होती. आधीच्या अक्षरांच्या जागी फक्त टाचणीच्या टोकाएवढी भोके होती. मी जमिनीवर बसून ती भोके बोटाने चाचपत गेले. उभ्या रेघेत तीन भोके, डावीकडे वळणावर दोन, वर शिरोरेघेसाठी चार. आमचे आडनाव मला ठाऊक होते म्हणून ते लागले. अनोळखी माणसाला ते लागले नसते. पुतण्याने मागून विचारले, “काकू, सापडले का?” मला काही वेळ बोलता आले नाही.

दगडावर सर्वांत वर ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन हिब्रू अक्षरे होती, म्हणजे ‘येथे पुरलेला आहे’. त्याखाली हिब्रू नाव, मग मराठीत नाव आणि ‘वय वर्षे ६०’, आणि त्यानंतर तारीख केवळ हिब्रूत. अगदी खाली पाच हिब्रू अक्षरे, ज्यांचा अर्थ, याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. इंग्रजी तारीख कोठेच नव्हती. माझे हिब्रू प्रार्थनेपुरते आहे, म्हणून मी आमच्या हझानांकडे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांकडे, फोटो घेऊन गेले. त्यांनी तारखेची अक्षरे मोजून दाखवली आणि ती रीत मी वहीत लिहून घेतली. ‘तेत’ म्हणजे ९. पुढे महिन्याचे नाव आव. वर्षाची अक्षरे ‘ताव’, ‘शीन’ आणि ‘योद’, म्हणजे ४००, ३०० आणि १०, मिळून ७१०. दगडावर हजाराचा आकडा सहसा लिहीत नाहीत, म्हणून वर्ष ५७१०. अशा बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन येतो : ७१० अधिक १२४०, म्हणजे १९५०. मृत्यू नव्याच्या सणानंतर, म्हणजे हिब्रू वर्षारंभानंतर, आणि ३१ डिसेंबरच्या आत झालेला असेल तर एक वर्ष वजा करायचे. ९ आव ५७१० म्हणजे २३ जुलै १९५०. हा दिवस आमच्याकडे बिरड्याच्या रोज्याचा. जेरुसलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले त्याच्या शोकाचा हा उपवास, आणि तो आमच्यात वालाच्या बिरड्याने सोडतात म्हणून त्याचे नाव बिरड्याचा रोजा.

तारीख हाती लागली म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मी मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज केला. अर्जात नाव, वडिलांचे नाव, मृत्यूचे ठिकाण आणि २३ जुलै १९५० ही तारीख लिहिली. चार फेऱ्या आणि पाच आठवडे झाल्यावर उत्तर मिळाले की सदर दिनांकास अशी नोंद आढळून येत नाही. खिडकीवरचे गृहस्थ वाईट बोलले नाहीत, त्यांनी वही खरोखर पाहिली होती. तरीही त्या दिवशी घरी येताना मला वाटले की ज्यांच्या दगडावरचे नावसुद्धा गळून पडले आहे त्यांची नोंद कागदावरही उरलेली नाही, आणि हे आता आत्याला कसे सांगावे.

मी तिला फेब्रुवारीत फोन केला आणि जे होते ते सांगितले. आत्याला ऐकू कमी येते, म्हणून तिची मुलगी प्रत्येक वाक्य तिच्या कानाशी पुन्हा म्हणत होती. मग आत्या स्वतः बोलली आणि ते बोलणे मी लगेच लिहून ठेवले. “रोजा सुरू झाला होता. शब्बाथ संपून दिवे लागले होते. आईने शुक्रवारीच वाल भिजत घातले होते, फडक्यात बांधून मोड काढायला ठेवले होते. बाबा गेले आणि ते गाठोडे तसेच खुंटीला राहिले. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा कोणाला तरी आठवले.” ती तेव्हा वीस वर्षांची होती.

हे ऐकून हझान लगेच म्हणाले की तुमचा अर्जच चुकला आहे. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शनिवारी, २२ जुलैला, संध्याकाळी सूर्य मावळला तेव्हा ९ आव सुरू झाला. आजोबा त्या रात्री गेले, म्हणून दगडावर ९ आव बरोबर आहे, आणि सरकारी वहीत मात्र रात्री बारापर्यंत २२ जुलैच असणार. तेव्हा ज्यांना हिब्रू तारखेवरून नोंद शोधायची आहे त्यांनी अर्जात एक तारीख न देता आदल्या आणि पुढल्या दिवसासह तीन दिवसांचा शोध मागावा. मुसलमान कुटुंबांतील हिजरी तारखांनाही हेच लागू पडते, कारण तेथेही दिवस सूर्यास्तालाच बदलतो.

मार्चमध्ये दुसरा अर्ज दिला आणि १२ एप्रिल २०१८ रोजी नोंद मिळाली : २२ जुलै १९५०. या टप्प्यावर मी एक गोष्ट योगायोगाने शिकले. छापील नमुन्यातील दाखला मिळाला की काम झाले असे आपण समजतो, परंतु त्या दाखल्यात मोजकेच रकाने असतात. जुन्या वहीतील त्या पानाची प्रमाणित नक्कल मागितली तर मूळ नोंदीतील सगळे रकाने दिसतात. माझ्या नकलेत धंदा या रकान्यात ‘रेल्वे पेन्शनर’ होते, कारण या रकान्यात ‘ताप’ होते, आणि शेवटी खबर देणाऱ्याची सही होती. ती सही माझ्या वडिलांची होती. ते तेव्हा २५ वर्षांचे होते. त्यांची सही मी त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर, माझ्या प्रगतिपुस्तकांवर, शेकडो वेळा पाहिली आहे. ती नेहमी एका झटक्यात केलेली, शेवटी लांब शेपूट असलेली असे. येथे प्रत्येक अक्षर वेगळे आणि सावकाश काढलेले होते आणि शेपूट नव्हते. वडील १९९८ साली गेले. आपल्या वडिलांच्या मृत्यूची खबर द्यायला ते एकटे गेले होते हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही.

याच काळात काम वाढले. आजोबांच्या ओळीतले दगड वाचता वाचता शेजारची माणसे ओळखीची वाटू लागली आणि आजोबांचेच लिहून थांबणे मला जमेना. मी पाहिलेल्या ६४ दगडांपैकी ज्यांच्याविषयी दगडाबाहेरचा किमान एक कागद आणि किमान एक जिवंत साक्षीदार मिळेल त्यांचेच लिहायचे, असे मी ठरवले. या कसोटीला दहा जण उतरले.

नावांचा घोटाळा सर्वांनाच अडवतो, म्हणून त्याविषयी थोडे सांगते. आमच्या जुन्या माणसांची नावे तीन रूपांत येतात. शमुवेल हा घरी सामाजी आणि इंग्रजी कागदावर सॅम्युएल. यहेज्केल हा हसाजी आणि इझिकेल. अब्राहम हा अबाजी. बेन्यामिन हा बनाजी. मुंबईतले आमचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर, हे उदाहरण समोर ठेवले की बाकीची नावे जुळवणे सोपे जाते. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात अशा नावांची जंत्री आहे. आडनावे गावांवरून पडलेली, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. पण रेल्वेच्या आणि पलटणीच्या कागदांवर आडनाव गळून वडिलांचे नावच आडनावाच्या जागी आलेले असते. शोधताना दोन्ही पाहावे. धर्माच्या रकान्यावरही विसंबू नये. एका जुन्या वहीत आमचे माणूस ‘यहुदी’ म्हणून, दुसरीकडे ‘इतर’ म्हणून, तर एके ठिकाणी ‘ख्रिस्ती’ म्हणून लिहिलेले मला सापडले.

आजोबांची नोकरी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत होती एवढेच घरात माहीत होते. जून २०१८ मध्ये मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. अर्जात ‘का’ आणि ‘कसे’ विचारू नये, अमुक व्यक्तीच्या सेवापुस्तकाची प्रत मिळावी एवढेच मागावे, आणि उत्तरासाठी तीस दिवस मोजून ठेवावेत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले की इतके जुने अभिलेख जतन करण्याची मुदत संपल्याने ते नष्ट करण्यात आले आहेत. मी अपील केले नाही, कारण नसलेला कागद अपिलाने येत नाही. मात्र हे आत्येबहिणीला कळवले तेव्हा तिने आईची पत्र्याची ट्रंक उघडली. आत्याने १९६३ साली ठाण्याहून नेलेल्या त्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या मराठी हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीच्या, पानांत, आजोबांचा सेवा संपल्याचा दाखला घडी घालून ठेवलेला होता. मालधक्क्यावरील कारकून, १९१४ ते १९४७, वर्तणूक चांगली, जन्म १८९२. म्हणजे मृत्यूसमयी ते ५८ वर्षांचे होते आणि दगडावर ६० आहे. मी दोन्ही आकडे लिहिले आणि कोणता कोठून घेतला तेही लिहिले. आमच्यासारख्या, माणसे परदेशी गेलेल्या कुटुंबांत सरकारी दारे ठोठावण्याआधी गेलेल्यांच्या ट्रंका उघडायला सांगाव्यात, असे मी आता सर्वांना आवर्जून सांगते. माझे चार महिने आणि पुष्कळ रिक्षाभाडे त्यामुळे वाचले असते.

२२ जुलै २०१८ रोजी, रविवारी, बिरड्याचा रोजा आला. मी शुक्रवारी वाल भिजत घातले, आणि त्या दिवशी आजोबांचे पान लिहून पूर्ण केले.

पावसाळ्याचे बाकीचे दिवस बसून लिहिण्यात आणि लोकांना भेटण्यात गेले. एका सुभेदारांच्या दगडावर नावानंतर ‘बहादूर’ असा शब्द होता आणि त्यांचे वंशज तो गौरवपर समजत होते. तो वस्तुतः ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सन्मानाबरोबर मिळणारा किताब आहे, आणि तो लक्षात आला की नेमणुका आणि सन्मान जाहीर करणाऱ्या जुन्या सरकारी गॅझेटांत माणूस शोधता येतो. त्यासाठी मी फोर्टमधील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात तीन वेळा गेले. तेथे अर्ज आणि ओळखपत्र लागते आणि मागवलेले दप्तर हातात येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून सकाळीच पोहोचावे आणि डबा न्यावा. ठाण्याचे १८९३ पासूनचे मराठी ग्रंथ संग्रहालयही मला फार उपयोगी पडले, कारण जुन्या ठाण्याच्या गल्ल्यांची आणि वाड्यांची नावे तेथल्या स्थानिक इतिहासांत मिळतात.

सर्वांत जास्त मन गुंतले ते एका परिचारिकेत. तिच्या दगडावर ‘मिस’, नाव, आणि १९०४ ते १९७८ एवढेच होते. नातेवाईक कोणी उरलेले नाहीत. सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्यावर ती चेंदणी कोळीवाड्यात बाळंतपणे करायला जात असे, असे एका वृद्ध सभासदांनी सांगितले. ऑगस्टपासून मी कोळीवाड्यात घरोघर विचारत फिरले. बहुतेकांनी मान हलवली. १६ सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, ८३ वर्षांच्या एका आजींकडे नेण्यात आले. मी नाव उच्चारताच त्या म्हणाल्या, “बाय, माझी चारी पोरं तिच्याच हातावर झाली.” मग त्यांनी सुनेला सांगून माळ्यावरून एक ताणकाटा काढायला लावला. पितळी तोंडाचा, खाली लोखंडी आकडा, वजनाचे अंक झिजलेले. बाळाला धुतलेल्या फडक्याच्या झोळीत घालून ती परिचारिका या आकड्याला लावीत असे आणि वजन मोठ्याने, दाराबाहेर उभ्या असलेल्या बापाला ऐकू जाईल असे सांगत असे. शेवटच्या आजारात तिने तो काटा या आजींना दिला होता. “तिला पैसं देऊ केलं तर म्हणायची, आधी बाईला चार दिस मटण-मच्छी नीट घाल, मग बघू.” मी तो काटा हातात घेतला. आकड्याच्या वाकात कापडाचा एक धागा अडकलेला होता. तो कोणत्या बाळाच्या झोळीचा हे आता कोणाला सांगता येणार नाही, आणि मी तो काढला नाही. या बाईंचे पान वहीत सर्वांत मोठे झाले आहे आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या आजींनी दिलेली आहे.

अशा भेटीला जाताना रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारावी आणि नकार आला तर वही काढावी. पहिल्या भेटीत मृत्यूविषयी विचारू नये. जेवण, कपडे, घर, चालण्याची ढब याविषयी विचारले की माणसे खुलतात. तारखा त्यांना विचारू नयेत. तारखा कागदातून घ्याव्यात आणि माणसांकडून बाकीचे सगळे घ्यावे.

ऑक्टोबरमध्ये तो प्रसंग घडला ज्याचा उल्लेख मी वर केला. दहाव्या चरित्राचे कच्चे पान मी त्या कुटुंबातील नातीला वाचायला दिले. कागदपत्रांतून जे निघाले होते ते सर्व खरे होते, पण त्यात मृत्यूचे असे कारण होते जे त्या घराने तीन पिढ्या कोणाला कळू दिले नव्हते. ती रडली नाही, रागावलीही नाही. “हे छापू नका,” एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मी ते पान तिच्यासमोर फाडले, फोनमधील फोटो पुसले आणि मूळ नक्कल तिच्या हवाली केली. दोन महिन्यांचे काम गेले. परवानगीची ती अट नसती तर मी कदाचित छापून मोकळी झाले असते, आणि हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. वंशजाला पान दाखवल्यावाचून काहीही बाहेर देऊ नये.

नावे नसलेल्या लहान मुलांच्या कबरीही आहेत. त्यांच्याविषयी मला एका ओळीपलीकडे काही लिहिता आले नाही. जागा आणि मोजमाप तेवढे नोंदवले.

डिसेंबर २०१८ मध्ये ४८ पानांची वही छापून घेतली. ७५ प्रतींना ९,४०० रुपये लागले. नकला, शोध, झेरॉक्स, पोस्टल ऑर्डर, प्रवास मिळून पंधरा महिन्यांत आणखी ६,२०० च्या आसपास गेले. आजोबांच्या दगडातील निखळलेली अक्षरे विश्वस्तांच्या परवानगीने पुन्हा भरून घेतली. शिशाचे काम करणारा कारागीर मिळाला नाही, म्हणून त्याच भोकांच्या वळणावरून काळ्या रंगात अक्षरे काढली. त्याचे २,५०० रुपये वेगळे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आत्येबहीण आली. १७ तारखेच्या रविवारी आम्ही दोघी कब्रस्तानात गेलो. आत्याने अश्दोदच्या किनाऱ्यावरचा एक खडा तिच्याबरोबर पाठवला होता, तो तिने दगडावर ठेवला आणि फोन लावला. आत्याच्या सांगण्यावरून मी वहीतले आजोबांचे पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. मालधक्का, दाखला, वडिलांची सही, सगळे. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ‘मृत्यू : शनिवार, २२ जुलै १९५०, हिब्रू तिथी ९ आव ५७१०.’

“तिथे एक शब्द घाल,” आत्या म्हणाली. “दिवेलागणीनंतर.”

वह्या छापून झाल्या होत्या. घरी आल्यावर आम्ही दोघींनी उरलेल्या ५८ प्रती जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि रात्री अकरापर्यंत बसून प्रत्येकीत तो शब्द पेनने लिहिला.